चौदावं माणूस

तेरा आकड्याला मी मानत नाही. आमच्या गावात कुणीच मानत नाही, हवं तर विचारून बघा. पाद्री मानत नाहीत, डॉक्टर मानत नाहीत, खाटीक पिनो तर मोठमोठ्याने हसतो. फक्त एका टेबलाला तेरा माणसं कुणी बसवत नाही, एवढंच. त्यातून ईस्टरला तर नाहीच नाही. त्या गुरुवारी येशूसकट तेरा जण शेवटचे जेवायला बसले आणि शुक्रवारी काय झालं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आमच्याकडे ईस्टरला चौदा माणसं असायची. मी, माझा नवरा आर्मां, त्याची आई. मुलगी कोरीन, जावई, त्यांची दोन मुलं. मुलगा लुदोविक, सून मागाली, त्यांची तीन. शिवाय आर्मांचा भाऊ आणि जाऊबाई. नोव्हेंबरात आर्मां गेला. हिवाळाभर मला हे गणित सुचलं नव्हतं. सुचलं ते पिनोच्या दुकानात, भर गर्दीत.

"मादाम ओडिल, कोकराची मांडी केवढी ठेवू? नेहमीसारखी, चौदा जणांना पुरेलशी?"

मी तोंड उघडलं, मनात चौदातून एक वजा केला आणि तोंड मिटलं. मागे रांगेत चाललेली बडबड थांबली. पिनो एरवी सुरी हातात धरूनच बोलतो, त्याने ती खाली ठेवली.

"मोठीच ठेवतो," तो हळूच म्हणाला. "माणूस काय, मिळेल एखादं."

मिळेल एखादं! जसं काही अजमोद्याची जुडी. मी पैसे न देताच बाहेर पडले आणि ते द्यायला परत गेले, तेव्हा सगळे पुन्हा गप्प झाले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवणाचा बेत तर मी इतक्यांदा बदलला की माझाच मला राग आला. आधी लाल मुळे आणि लोणी, मग ईस्टरचा पाते, म्हणजे पिठाच्या पारीत खिमा आणि मधोमध अख्खी उकडलेली अंडी, मग कोकराची मांडी आणि घेवड्याचे दाणे, सॅलड, बकरीच्या दुधाचं चीज, शेवटी दुधात तरंगणारी अंड्याच्या फेसाची बेटं. यातलं काहीही बदलायची गरज नव्हती. तरी मी मध्ये शतावरीचे कोंब घातले, मग काढले. बेटांऐवजी लिंबाचा टार्ट ठरवला. दुसऱ्या दिवशी टार्ट रद्द. खरं तर मला शेगडीजवळचं काही बदलायचंच नव्हतं. मला टेबलाजवळची एक खुर्ची बघवत नव्हती.

ती आधी मी माळ्यावर नेऊन ठेवली. रात्री झोप लागेना म्हणून सकाळी खाली आणली. भिंतीला लावून ठेवली तर जास्तच दिसायला लागली. तिच्यावर कपड्यांची टोपली ठेवली, ती पण उचलली. आर्मांच्या जागी टोपली कशाला?

कोरीनला फोन लावला.

"आई, बोलव ना कुणाला तरी," ती म्हणाली. "चौदावं माणूस कुणीही चालतं."

"कुणीही? तुझ्या बापाच्या खुर्चीत कुणीही?"

"मग खुर्ची बदल."

"खुर्ची बदलली म्हणून जागा बदलते का?"

"बरं बाई, मग नको बोलावूस. तेरा बसू. काय होतंय?"

मी फोनशेजारचा रुमाल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"नको," कोरीनच म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

मग सुनेचा फोन आला. कोरीनने तिला लगेच कळवलं असणार. मागाली तशी गुणी आहे, पण तिला प्रत्येक गोष्टीवर तोडगा काढायची खोड आहे.

"पोरांचं टेबल वेगळं करू या का?"

"आमच्या घरी पोरं वेगळी जेवत नाहीत. आर्मांने त्या टेबलाला दोन फळ्या जोडल्या, त्या काय शोभेला?"

"मग पोरांचं ते मोठं कापसाचं अस्वल आणते. त्याला बसवू, रुमाल बांधून. पोरं पण खूश."

"माझ्या नवऱ्याच्या जागी अस्वल."

"मी असं म्हटलं नाही हो!"

"अस्वल म्हणालीस की नाही?"

ती रडवेली झाली. मग मीच तिची समजूत घातली आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातली सगळी कपाटं पुसून काढली. खिडकीशी माझ्या सासूबाई मुळे साफ करत बसल्या होत्या. नाव सिदोनी, नव्वदी केव्हाच ओलांडलेली, राहतात माझ्याकडेच. कानाने अधू आहेत, पण ऐकू नये ते त्यांना बरोब्बर ऐकू येतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ते कपाट मघाशीच पुसलंस."

गुरुवारी बाजारात मोस्यू लावेर्न भेटले. गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस स्वच्छ, मर्यादेने वागणारा, वाइन आणि हवामान सोडून तिसऱ्या विषयावर न बोलणारा. म्हटलं, हा चालेल. मी त्यांना रविवारी जेवायला या म्हटलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चौदावाच ना? लाजू नका हो मादाम. बायको गेल्यापासून मला पाहुणा म्हणून कुणी बोलावत नाही, चौदावा म्हणूनच बोलावतात. जेवण तेच असतं."

मी हसले. ते पण हसले. खूप दिवसांनी मला मोकळं वाटलं. लावेर्न दोन पावलं गेले आणि वळले.

"आर्मांच्या जागीच बसायचंय ना? म्हणजे काय, गुडघा वाकत नाही माझा. तिथे टेबलाचा पाय आड येत नाही ना, एवढंच."

बिचाऱ्याने गुडघ्याचं विचारलं होतं, दुसरं काही नाही. पण मला दिवसभर तोच गुडघा दिसत राहिला. आर्मांची जागा, आणि तिथे टेबलाखाली लांब केलेला एक परका पाय. त्या दिवसापासून चर्चच्या घंटाही गप्प; ईस्टरपर्यंत त्या रोमला जातात, असं आमच्याकडे पोरांना सांगतात. घंटा नसल्या की गावाला वेळच उरत नाही. मी अंगणात गेले, आत आले, पुन्हा अंगणात गेले. शुक्रवारी पीठ मळलं ते इतकं, की लाटताना वातड झालं. टाकून दिलं, दुसरं मळलं.

"कुणाला मारते आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

"पीठ आहे, आई."

"पीठ मला दिसतंय."

शनिवारी पाते भाजून निघाला. चांगला झाला होता, प्रत्येक कापात अंड्याचा पिवळा गोल बरोबर मधोमध. मी त्यातला अर्धा कापला, कपड्यात गुंडाळला आणि लावेर्नच्या घरी निघाले. एखाद्याला येऊ नका म्हणून सांगायला जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं?

ते दारातच बसले होते. एक बूट हातात, ब्रश दुसऱ्या हातात, बाजूला काळ्या पॉलिशची डबी.

"मोस्यू लावेर्न, जरा घोटाळा झालाय…"

"कुणी गळलं, की कुणी वाढलं?"

"वाढलं," मी धडधडीत खोटं बोलले. "घरचंच माणूस आहे. चौदा झालो आम्ही."

त्यांनी पातेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

"घरचं माणूस असेल तर उत्तमच," ते म्हणाले आणि पुन्हा बुटावर ब्रश फिरवायला लागले. "बूट सोमवारी पण लागतातच."

मी पाते उंबऱ्यावर ठेवून जवळजवळ पळाले. मला लाज वाटत होती. शिवाय फार हलकं वाटत होतं, आणि त्याची आणखी लाज वाटत होती. गावभर त्या माणसाला आकडा म्हणून वापरतात, आणि मी तर त्याला आकडा म्हणूनही वापरलं नाही.

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. मी बसणारच नाही. बारा बसतील, मी वाढीन. इतकी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही!

रविवारी घंटा परतल्या. पोरं बागेत लपवलेली ईस्टरची अंडी शोधत किंचाळत होती. मी टेबल मांडलं, बारा ताटल्या. आर्मांची जागा मोकळी, खुर्ची भिंतीला. माझी ताटली आत, ओट्यावर. सगळे आले, कोट काढले, गालाला गाल लावले आणि एकेकजण गुपचूप मोजू लागला. दीर तर ओठ हलवून मोजत होते. बारा भरल्यावर त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मुळे झाले. उरलेला पाते झाला. अर्धाच का, असं कुणी विचारलं नाही. मी मटण कापून आणलं, दाणे आणले, पाव आणला, मीठ आणलं, मीठ टेबलावर होतंच म्हणून परत नेलं.

"आई, बस ना आता," कोरीन म्हणाली.

"मटण करपेल गं."

"मटण टेबलावर आहे, आई."

मी पुन्हा आत जायला वळले, तोच सासूबाईंनी काटा ताटलीवर आपटला.

"ओडिल, बस."

"आई, तेरा होतील."

"मग? आत्तापर्यंत किती असायचे?"

"चौदा. तुम्हाला माहीत आहे."

"कधी? मी काय आंधळी आहे?" त्यांचा आवाज बागेपर्यंत गेला असेल. "या घरात आलीस तेव्हापासून ईस्टरला तू एकदा तरी बसलीस का? मुळे झाले की पाते, पाते झाला की मटण, मग चीज, मग ती तुझी बेटं. तू आत उभ्याने खायचीस आणि टेबलाला आम्ही तेरा. धाकटं पोर आलं तेव्हापासून दरवर्षी तेराच!"

दिरांचे ओठ पुन्हा हलायला लागले. मीही मनात मोजलं. बरोबर होतं. इतके दिवस जी भीती मी धड मनातही आणली नव्हती, ती तोंडून निघून गेली.

"मग त्यानेच… मग आर्मां त्यानेच गेला?"

मागालीने हातातला पाव खाली ठेवला.

"माझा मुलगा छातीच्या दुखण्याने गेला," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर सिगारेटी ओढल्या. डॉक्टरचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं नाही, माझं तर नाहीच नाही. बेरजेने नाही गेला तो. तेरांतला जो पहिला उठतो तो मरतो म्हणतात ना? पहिली कोण उठते या टेबलावरून?"

त्यांनी काटा एकेकाकडे रोखला.

"मी! चीज झालं की मला झोप येते. दरवर्षी मी उठते आधी. मरायची असते तर मी मेले असते, आणि चाललं असतं. त्याच्याऐवजी चाललं असतं." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, जणू चरबी लागली होती. "आता बस. मटण गार होतंय."

लुदोविक उठला. कुणाला काही न विचारता त्याने भिंतीची खुर्ची उचलली आणि मोकळ्या जागी ठेवली. कोरीनने आतून माझी ताटली आणली. मी बसले. कुणीतरी मला वाढलं, बहुतेक जावयाने. माझ्या हातचं मटण मी पहिल्यांदाच गरम खात होते. लसूण जरा जास्त झाला होता, आणि हे इतक्या वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं.

मग मी मान वर केली.

त्या जागेवरून बाग दिसत नाही. बाग पाठीमागे राहते, फुललेल्या सफरचंदाच्या झाडांसकट. मी आर्मांला दरवर्षी म्हणायचे, अरे, समोरच्या बाजूला बस, वसंतात कुणी बागेकडे पाठ करतं का? तो म्हणायचा, इथे बरं आहे. मी त्याला हट्टी म्हणायचे. त्या जागेवरून समोर फक्त एक दार दिसतं, आणि दारातून शेगडी, आणि शेगडीशेजारची ती चार फरशांची जागा, जिथे मी उभी असायचे.

आत्ता तिथे कुणी नव्हतं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. इथून स्वयंपाकघर दिसतं."

"तेच बघत बसायचा तो," त्या म्हणाल्या. "दाणे दे इकडे."