उकळत्या आंबोणातली पुडी

पोरांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या पोटात एक गाव वसलंय असं समजा. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथं राहतात आणि तुमचा घास पचवतात. गाईच्या पोटात तर असं अख्खं शहर असतं, आपल्या नगरपेक्षा मोठं. आता त्या शहरावर एकाएकी बाजरीची रास कोसळली, तर काय होईल?

घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या गाईवर भिमाजीनं हेच संकट आणलं. व्यालेल्या गाईला बाजरीच्या घुगऱ्या ओंजळभर चाराव्यात. यानं पाटीभर चारल्या. आळीत सगळ्यांत जास्त दूध आपल्याच गाईनं द्यावं, एवढीच हौस. गाईनं रवंथ करणं सोडलं, दूध आटलं आणि वासरू रिकाम्या सडांना ढुशा देऊ लागलं.

डॉक्टर आले. सुई टोचून त्यांनी पुड्या दिल्या. पोटातले चांगले जंतू मेलेत, पुडीत तसलेच जिवंत आहेत, गार आंबोणातून चारा, असं घरच्यांना समजावलं. भिमाजी तेव्हा मोबाईलवर कुणाला तरी गाई सांभाळायची अक्कल शिकवत होता.

डॉक्टरांची पाठ फिरताच त्यानं पेंड-भुशाच्या वाफाळत्या आंबोणात पुडी ओतली. त्याची नात निकिता म्हणाली, "आबा, गार हू द्या. जंतू मरत्याल."

"मरू दे की," आबा हसला. "जंतू मारायला लोक दवाखान्यात जात्यात, आन मी गाईला चारू व्हय? गरम पोटाला बरं आसतं, डॉक्टरीनबाई."

दुसऱ्या पुडीचंही तेच झालं. गाय तशीच मान टाकून उभी. मग आबा पारावर बसून डॉक्टरांसकट शिकलेल्या सगळ्यांनाच नावं ठेवू लागला. पुडीत नुसतं पीठ आहे म्हणे. स्वतःला नांगर धरता येईना आणि शिव्या बैलाला.

दुपारी तो जेवायला बसला. दह्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही. निकितानं वाटी पुढं केली. वाटीत चोथा वेगळा, पाणी वेगळं.

"ह्ये काय?"

"दही, आबा. म्हशीचं दूध उकळत हुतं, त्यातच इरजन घातलं. गरम पोटाला बरं आसतं ना?"

आजी लंकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "खावा आता."

आबानं वाटीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं. आणि मिशीला पीळ दिला. अक्कल आली तरी मिशी खाली यायला वेळ लागतो.

निकिता तेवढा वेळ थांबली नाही. उरलेली पुडी घेऊन ती गोठ्यात गेली. सकाळपासून निवत ठेवलेल्या आंबोणात तिनं बोट बुडवून पाहिलं, पुडी फोडून कालवली आणि एका हातानं वासराला मागं धरून पाटी गाईपुढं सरकवली.