शून्य धरलेला वारा

आत्या नेमकं काय करते, हे नातेवाइकांना सांगायची वेळ आली की बाबा म्हणायचे, "जमिनीला चिकटलेल्या हवेचा अभ्यास करते." त्यावर काकू ठरलेलं विचारायची, "म्हणजे नुसती हवा खाते आणि वर पगारही घेते?" आत्या सगळ्यांत मोठ्याने हसायची.

बाबांची व्याख्या मात्र चोख होती. जमीन तापली किंवा निवली, की ते ज्या हवेला सर्वांत आधी कळतं तिला सीमास्तर म्हणतात. भर दुपारी हा थर किलोमीटरभर उंच असतो. ऊन उतरलं की तो खचतो, आणि वारा पडलेल्या संध्याकाळी कधी कधी झाडाच्या शेंड्याइतकाही उरत नाही. या खचण्याच्या वेळेवर आत्याने उभी नोकरी वेचली होती. लग्न केलं नाही, गावं बदलली नाहीत, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले तरी मुक्काम हलवला नाही.

पदवी हातात आल्यावर मी तिच्याकडे डेटा तपासायच्या कामाला लागले. तिचं केंद्र म्हणजे चहूबाजूंनी टेकड्या असलेला एक वाडग्यासारखा मोठा खळगा. तळाशी गवत, गवतात लोखंडी मनोरा, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर तिची राहायची केबिन. केबिनला तीन पायऱ्या. वर कडेला रस्ता होता आणि रस्त्याला लागून दुरुस्तीची शेड. ती सांभाळणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडूनही मनोऱ्यावर सरसर चढत, म्हणून आत्याने त्यांचं नाव खारोबा ठेवलं होतं.

"ताई, तुम्ही पण खालीच राहणार?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. पाहुणा आला तर घाबरू नका. बाईंचा लाडका आहे तो."

पाहुणा म्हणजे आलेखातला एक फुगवटा. काही संध्याकाळी खळग्यातला कार्बन डायऑक्साइड एकाएकी वाढायचा आणि सकाळी ऊन चढलं की ओसरायचा. माती आणि गवत श्वास सोडतात, वर उबदार हवेचं झाकण बसतं, म्हणून तो साठतो, असं आत्याने मांडलं होतं. त्या एका निबंधावर तिचं नाव झालं. तिच्या विद्यार्थ्यांनी त्याच फुगवट्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली होती.

पाहुणा यायच्या संध्याकाळी खळग्यात रातकिडे ओरडत नसत. सकाळी पायऱ्यांवर भुंगे उताणे पडलेले असत, अगदी स्वच्छ. त्यांना मुंग्याही लागलेल्या नसत. आत्या ते केरसुणीने लोटायची. "थंडी सोसत नाही बिचाऱ्यांना," म्हणायची आणि डोकं दाबत चहा ठेवायची. शेडवरचं कुत्रं माझ्यामागे उड्या मारत उतरायचं, पण गवताच्या कडेशी थांबायचं. पुढचा पाय हवेत तसाच. एकदा मी बुटाची नाडी बांधायला वाकले, तेव्हा नाकात आंबट झिणझिणी आली आणि छाती भरून आली. कुणीतरी अगदी तोंडाजवळ येऊन उच्छ्वास सोडावा, तसं वाटलं. उभी राहिले तर काहीच नाही.

मग मी उभ्या वाऱ्याचे आकडे उघडले.

आडव्या वाऱ्याबरोबर वर-खाली जाणारा वाराही आम्ही मोजतो. मापक कितीही काळजीने बसवला तरी कणभर तिरका राहतोच, आणि आडवा वारा थोडा उभा असल्यासारखा भासतो. म्हणून दर अर्ध्या तासाची सरासरी काढून उभा वारा शून्य धरायचा आणि बाकीचे आकडे तेवढे फिरवून घ्यायचे, अशी रीत आहे. जगभर असंच करतात. त्यामागचं कारण शेंबड्या पोरालाही पटेल असं आहे: जमिनीतून काही वारा येत नाही.

मी कुतूहल म्हणून ते फिरवणं काढून टाकलं. मापक तिरका असता तर वाऱ्याची दिशा बदलली की चूकही बदलायला हवी होती. ती बदलत नव्हती. उभा वारा चालत होता बॅरोमीटरच्या तालावर. हवेचा दाब उतरला की मनोऱ्याखालून वर यायचा, दाब चढला की खाली जायचा. वर, खाली, पुन्हा वर. आत्याने जमवलेली सगळी वर्षं मी एकाखाली एक लावली. मग जमिनीवर टेकलेले पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"मापक तिरका आहे," आत्या म्हणाली.

"तिरका मापक दाबाला विचारून तिरका होतो का? आत्या, खाली पोकळी आहे. दाब उतरला की तिच्यातला गॅस बाहेर येतो. हवेपेक्षा जड आहे, तो या वाडग्यात पाण्यासारखा साठतो. तुझा फुगवटा म्हणजे त्या पाण्याचा नुसता शिंतोडा आहे. गॅसच्या मापकाने त्याहून मोठे आकडे दिले, ते तू त्याच्या काचेवर दव पडलं म्हणून गाळून टाकलेस."

"दव पडतंच."

"भुंग्यांवर पण? आजच वर शेडमध्ये राहायला चल."

तिने आलेख बंद केला. मग म्हणाली, "समजा, माझं चुकलं. चुकलं तर कागदावर चुकलं. तू मला घरातून का काढतेस?"

"उद्या वादळ येतंय म्हणून. दाब इतका उतरणार आहे, की तुझ्या आकड्यांत तसा कधी उतरलेला मला सापडला नाही."

"म्हणून तर थांबायचं. एवढा मोठा पाहुणा मला परत बघायला मिळायचा नाही." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "आजीसारखी कटकट करू नकोस."

तिला तिथून सरळ सांगून हलवणं मला जमणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना मी खोटं बोलले. मनोऱ्यावरच्या मधल्या मचाणावरचा मापक बंद पडलाय, म्हणाले. बंद मापक तिला सहन होत नाही. तिने स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलेलं तसंच सोडलं, खारोबांना फोन करून सुटा भाग आणायला सांगितला आणि पट्टा बांधून माझ्याआधी चढायला लागली. ती त्यांना बोलावेल, याचा मी विचारच केला नव्हता. वारा कुठे वाहतो ते पाहायला वापरतो ती धुराची कांडी मी मनोऱ्याला छातीच्या उंचीवर बांधली, पेटवली आणि तिच्यामागून चढले.

मचाणावर पोहोचून आत्याने मापक बघितला. तो चालू होता. ती माझ्याकडे वळली, पण तोवर मी खाली बोट दाखवलं होतं.

धूर वर येत नव्हता. तो थोडा खाली उतरून थबकला होता आणि पसरत होता, सपाट, टेबलावर चादर घालावी तसा. चादरीच्या खाली गवत स्वच्छ दिसत होतं.

"थंड हवा," आत्या म्हणाली. "टेकडीवरून उतरते."

"टेकडीच्या बाजूला काहीच हलत नाहीये. केबिनमागे बघ."

केबिनमागे चादर मधूनच फुगली होती. अंथरुणात झोपलेल्याने गुडघा उचलावा तशी. हळूच खाली बसली, आणि पुन्हा उचलली गेली. केबिनचं दार उघडं होतं. आतली स्टोव्हची निळी ज्योत पिवळी झाली, बारीक झाली, आणि नाहीशी झाली.

आत्याने कठडा धरला.

तेवढ्यात वरून मोटारसायकलचा आवाज आला. खारोबा पिशवी खांद्याला लावून उताराने येत होते. गवतात शिरताच गाडी खोकली आणि बंद पडली. त्यांनी किक मारली. परत मारली. धूर त्यांच्या कमरेशी आला होता.

"खारोबा, परत फिरा," मी ओरडले.

"अहो ताई, सकाळीच पेट्रोल भरलंय," ते हसत ओरडले. "प्लगमध्ये कचरा असेल. एका मिनिटात बघतो." त्यांनी गाडी स्टँडला लावली.

"वाकू नका. खाली गॅस आहे."

"बाई, ताईंना सांगा, गॅस सिलिंडर वर शेडमध्ये आहे," म्हणत त्यांनी पँट गुडघ्यापाशी वर ओढली. वाकायच्या आधी माणूस ओढतो तशी.

मी आत्याकडे पाहिलं. खारोबा ऐकणार होते ते फक्त तिचं. आणि तिने जे ओरडायला हवं होतं, त्यात तिचं काहीच शिल्लक राहत नव्हतं.

"खारोबा, वाकू नकोस," ती ओरडली. आजवर तिने त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ते थबकले. "ती बरोबर सांगतेय. मी चुकीचं सांगत होते. तू पाण्यात उभा आहेस असं समज. हनुवटी वर. गाडी सोड. चढावर धाप लागेल, माझ्याकडे बघत चालत ये."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोन्ही हात धुराच्या वर धरून, नदी ओलांडावी तसे ते चालत आले. मधे एकदा गुडघ्यात लचकले. आत्याने पुन्हा हाक मारली, तसे सावरले. शिडीला हात लागल्यावर त्यांनी कपाळ लोखंडाला टेकवलं. मग चढले, पण खारीसारखे नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

आत्याने आपला पट्टा त्यांना बांधून कठड्याला अडकवला आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"रस्ता बंद करा. खळग्यात कुणालाही उतरू देऊ नका, आम्हाला न्यायलासुद्धा नाही. आम्ही मनोऱ्यावर आहोत, वारा सुटेपर्यंत इथेच बसू." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, उपकरणात बिघाड नाही. माझ्या निबंधात आहे. तो मागे घ्यायचाय, लिहून घ्या." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"किती वर येईल हे, बाई?" खारोबांनी विचारलं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "मोजलंच नाही कधी."

खाली गाडीचे आरसेसुद्धा चादरीखाली गेले होते. उघड्या दारातून ती केबिनमध्येही पसरली होती. मग खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूने, तिची पांढरी कड हळूहळू वर सरकू लागली.