उष्टी नळी

ताईने भट्टीतून नळी बाहेर काढली, टोकावरचा वितळलेल्या काचेचा गोळा फिरवत फिरवत पहिली फुंक घातली आणि नळी धाकट्यापुढे धरली.

धाकट्याने हात पुढे केला नाही.

"तूच पूर्ण कर," तो म्हणाला.

"मी? एवढी मोठी शेड?"

"कर ना. माझा घसा बरा नाही."

काच कुणासाठी थांबत नाही. ताईने दोन फुंका मारल्या, तिसरीला तिला खोकला आला आणि दिव्याची होऊ घातलेली शेड एका अंगाला लोंबून फरशीवर पडली. लांब चिमट्याने ताईने तो लगदा उचलला आणि मोडीच्या डब्यात टाकला.

कारखाना म्हणायचा एवढंच. एक भट्टी आणि दोन भावंडं. वडिलांनी घालून दिलेला नियम होता: पहिली फुंक थोरलीची, बाकीच्या धाकट्याच्या. नळी तिच्या तोंडातून त्याच्या तोंडात जायची आणि उष्टंबिष्टं कुणाच्या मनातही यायचं नाही. चाळिशी उलटली तरी धाकटा धाकटाच राहिला होता आणि नियमही तसाच. पण गेले काही दिवस त्याने स्वतःची नळी वेगळ्या खुंटीला टांगली होती. पाण्याचा पेलासुद्धा वेगळा केला होता.

याचं कारण दिवेवाली. त्यांच्या शेड तिच्याच दुकानात विकायला असत. नवरा सोडून एकटी राहणारी, मोठ्याने हसणारी बाई. धाकट्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता आपल्याला कुणी मायेने हात लावील हे त्याने मनातून काढूनच टाकलं होतं. त्या दिवशी तो शेड पोचवायला गेला, तिने वरच्या खोलीत चहाला बोलावलं, आणि चहा तसाच निवून गेला. पुढे जे घडलं ते अर्ध्यावरच थांबलं, पण त्या अर्ध्यात त्याचं तोंड होतं. "किती घाबरता हो तुम्ही," असं म्हणत तिने त्याच्या केसांतून हात फिरवला होता. परतताना तो रस्ताभर शीळ घालत आला. इतका आनंद त्याला पेलवणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात, याचा तर खरोखरच खवखवत होता. आरशापुढे आ वासून, टॉर्च लावून त्याने घशाचा कोपरा न् कोपरा तपासला. मोबाईलवर शोधलं तर दर पानावर नवा रोग. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! दिवेवालीचे फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. काय बोलणार? आणि ताईची फुप्फुसं आधीच एकदा दुखण्याने पोळलेली. आपल्या चुकीची शिक्षा तिला का?

शेवटी तो अनोळखी वस्तीतल्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई त्याच्या आईच्या वयाच्या निघाल्या, म्हणजे आणखी पंचाईत.

"पूर्ण संबंध आला होता का?"

"नाही. फक्त तोंडाने. म्हणजे, मी."

"बरं. यातून लागण व्हायची शक्यता कमी असते. अजिबातच नसते असं नाही, म्हणून घशाचा नमुना घेऊ, रक्त तपासू. रक्त काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. तोंडात फोड नाही, व्रण नाही. घसा मात्र लाल दिसतोय. सारखं खाकरून बघता का?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला.

"आणि बहीण? आम्ही दोघं एकच नळी फुंकतो."

"आपापली वापरलेली केव्हाही चांगली. पण एवढ्यासाठी बहिणीला वाळीत टाकू नका."

पहिल्या तपासण्यांत काही निघालं नाही. फोनवर ते ऐकताच तो जवळजवळ पळतच कारखान्यात आला. भट्टी पेटलेली होती, पण ताई खिडकीशी उभी होती. तिने छातीचा एक्स-रे काचेला लावून धरला होता.

"हे बघ आधी," ती म्हणाली. "सगळं साफ आहे. लहानपणचा डाग आहे तेवढाच, तोही मेलेला. खोकला धुराचा. आता तरी माझ्या हातची नळी घेशील ना?"

धाकट्याला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ताई लहान असताना क्षयाने आजारी पडली तेव्हा घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, नळी वेगळी झाली होती. ती बरी झाली तरी कुणी तिचं उष्टं घेईना. एके दिवशी धाकट्याने तिच्या हातातली नळी हिसकावून गाल फुगेपर्यंत फुंकली होती. त्या दिवशी ताई भट्टीमागे बसून खूप रडली होती.

"ताई, तुझं नाही गं काही. माझ्यामुळे तुला काही होऊ नये म्हणून..."

फरशीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. ताईने मध्येच तोंडावर हात घेतला. हसतेय की रडतेय ते कळेना. दोन्ही असावं.

"मेल्या! मी इथे माझ्यामागे तुझ्या जेवणाचं कोण बघेल याच्या काळजीत, आणि तू..." तिने डोळे पुसले. "तिचा फोन येतो?"

"आधी यायचा. आता बंद झालाय. रागावली असेल."

ताईने एक्स-रे खिडकीवरून काढला, पाकिटात घातला.

"तू माझ्यावर रागावलायस असं वाटलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी सुखाने झोपले असते रे."

धाकटा बाहेर रस्त्यावर आला आणि त्याने दिवेवालीला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

पलीकडे दुकानातले आवाज येत होते. मग पाठ केल्यासारखं, घाईघाईने ती बोलली:

"मी सगळं तपासून घेतलंय. मला काही नाही. खरंच काही नाही. हवं तर डॉक्टरांचा नंबर देते, तुम्ही विचारा."

धाकटा फुटपाथच्या कडेवर बसला.

"अहो, मी कुठे काही म्हटलं?"

"नाही म्हटलंत," ती म्हणाली. "पण तुम्ही परत आला नाहीत ना."

"येतो," तो म्हणाला. "आत्ता निघालोय. फोन ठेवू नका."

आणि फोन कानाशी तसाच धरून तो उठला.