मुलीचे मामा कुठे असतील तिथून

माईंचा हात पूर्ण बरा झाला. मूठ वळते, गजरा गुंफता येतो, सुनेच्या चुकीकडे नेमकं बोट दाखवता येतं. झालं, सांगून टाकलं. आता हे कोणी सांगितलंच नाही असं समजून पुढे जाऊ, कारण ही गोष्ट ज्या दिवसांची आहे त्या दिवसांत घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. धीरजला तर आज वार कोणता हेही माहीत नसायचं.

धीरज हा माईंचा मुलगा. तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत तीन पाळ्यांत कामाला. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते असं लोक म्हणतात. धीरजची झोप बदलत नव्हती, ती फक्त पुढे ढकलली जात होती, एखाद्या ग्रामसभेसारखी. घर चिंचणीला, मागे चिकूची वाडी. त्याच वाडीत माई पडलेल्या झावळीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडाची झाली होती.

पालघरच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "आठवड्यातून दोनदा आणायचं. पावसाळ्यापर्यंत बोटं सुटली नाहीत, तर मग ती अशीच राहतील."

यात अवघड काहीच नव्हतं. चिंचणीहून तारापूर, बोईसर, उमरोळी, कोळगाव, पालघर. सरळ रस्ता. अडचण एवढीच होती की माईंना गाडी लागायची. रिक्षा लागायची, बस लागायची. एकदा तर दारात उभा असलेला टेम्पो लागला होता. आयुष्यात फक्त एका वाहनात त्यांना कधीही उलटी झाली नव्हती. ती घरची जुनी गाडी. आणि ती विकून टाकली होती.

जुनी गाडी धीरजच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, नरहरी पाटलांनी, विरारच्या कोणाकडून तरी वापरलेली घेतली होती. तिच्या सीडी प्लेअरमध्ये आधीच्या मालकाची एक सीडी अडकली होती. निघत नव्हती. "राहू दे," नाना म्हणाले, "काहीतरी वाजतंय ना?" वाजत होतं ते एका अनोळखी लग्नाचं ध्वनिमुद्रण. चि. सौ. कां. प्रतीक्षा आणि चि. हर्षित. कुठल्या गावचं लग्न, कोणाची माणसं, काही पत्ता नव्हता. आधी बँड, मग माईकवर सर्दी झालेला एक गृहस्थ. "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी बाजूला घ्यावी." "पंगत बसलेली नाही, कृपया बसू नये." आणि मग सीडीचा प्राण: "मुलीचे मामा कुठे असतील तिथून त्यांनी मुलीला घेऊन मांडवात यावं."

मामा यायचे नाहीत. गृहस्थ पुन्हा बोलवायचे. मग जरा रागाने. मग जवळजवळ रडत. मुहूर्त टळायला आला की उमरोळी ओलांडताना मांडवात एकदम गलका व्हायचा, "आले, आले, मामा आले!", कोणीतरी शिट्टी मारायचं, आणि माई पदराने मान पुसून म्हणायच्या, "आले हो बाई." कोळगावला अक्षता पडायच्या. पालघरला मुलगी सासरी जायची.

ही सगळी वर्षं त्या घरात प्रत्येक प्रवासात प्रतीक्षाचं लग्न लागत आलं होतं. गाडी सिग्नलला किंवा गुरांपुढे थांबली की सीडीही थांबवायची, असा घरचा नियम होता, म्हणजे अक्षता भलत्याच गावात पडायला नकोत. माईंचं सगळं लक्ष मामांकडे असायचं. पोटाकडे लक्ष द्यायला त्यांना वेळच नव्हता.

नव्या गाडीत पुढे देव्हाऱ्याएवढा पडदा होता. पूजा करून गाडी दारात आली तेव्हा नाना तिच्यासमोर बराच वेळ वाकून बसले.

"सीडी घालायची फट कुठाय रे?"

"नाना, आता फट नसते. सगळं फोनवरून वाजतं."

"एवढ्या मोठ्या गाडीत एक फट नाय? मग गाडी कसली, कपाट आहे हे."

पहिल्या फेरीला धीरजने बोईसरच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणला. दुकानदार म्हणाला, "माताजी के लिए है ना? चार हज़ार गाने हैं, रास्ता ख़त्म हो जाएगा, गाना नहीं।" रस्ता खरोखरच संपला. बोईसरच्या नाक्यावर. तिथून गाडी धुवायला परत फिरवली.

दुसऱ्या फेरीला ब्लूटूथ. धीरजने आपला फोन जोडला, पण गाडीने घरात असलेल्या मेघालीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन पकडला. मेघाली तेव्हा आईशी बोलत होती. बोलण्याचा विषय माई हा होता. गाडी फाटकाकडे सरकत होती आणि चारही स्पीकरमधून माईंचा स्वभाव ऐकू येत होता. फाटकाबाहेर पडताच आवाज तुटला.

"मागे घे," माई म्हणाल्या.

"माई, उशीर होतोय."

"मागे घे म्हणते ना. पुढचं ऐकायचंय."

त्या दिवशी फाटकापर्यंत माईंना अजिबात मळमळलं नाही. हा उपाय लागू होता, फक्त तो पालघरपर्यंत ताणायचा तर मेघालीला मागून पळत यावं लागलं असतं. तसं तिला विचारण्याचं धाडस कोणी केलं नाही, कारण पुढचे काही दिवस ती कोणाशी बोलतच नव्हती.

तिसऱ्या फेरीला घरच्यांनी स्वतःच लग्न लावलं. नाना माईकवाले गृहस्थ झाले, धीरज गाडी चालवता चालवता बँड. तारापूरपर्यंत बरं चाललं होतं. पण नानांना सर्दी नव्हती, आणि सर्दीशिवाय त्या आवाहनाला वजन येत नव्हतं. बँड सकाळी रात्रपाळीवरून सुटून आला होता. तो बोईसरच्या अलीकडे जांभई देता देता मधेच थांबला तो थांबलाच.

"पिशवी," माई म्हणाल्या.

चौथी फेरी झालीच नाही. माईंनी हात पदराखाली घेतला आणि सांगितलं, "नको मला हात. डावा आहे ना? डाव्याने देवसुद्धा समजून घेतो." त्या हसत होत्या, पण संध्याकाळी धीरजने पाहिलं, त्या ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि दोरा तोंडात धरून डाव्या हाताने गाठ मारू पाहत होत्या. गाठ बसत नव्हती. त्या ती उलगडून पुन्हा सुरुवात करत होत्या. धीरजला झोपायचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच तो उठला आणि जिव्याकडे गेला.

जिव्या मनोरच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावर राहायचा. पावसाळा सोडून नानांच्या वाडीत चिकू उतरवायला यायचा, त्यानेच जुनी गाडी घेतली होती. तिच्यातून तो वांगी मनोरच्या बाजारात न्यायचा. धीरज पोचला तेव्हा मागच्या सीटवर दोन टोपल्या आणि पुढच्या सीटवर जिव्याची बायको नवसी बसली होती. गाडी उभी होती आणि आत प्रतीक्षाचं लग्न चालू होतं.

"जिव्या, ती सीडी काढून न्यायला आलोय रे. माईंसाठी पायजे."

"निंगायची नाय ती, धीरजभाऊ. आमी पक्कड लावली, सुरी लावली, भगताला पन दाखवली."

"भगत काय बोलला?"

"बोलला, लगीन चांगलं हाय, ऱ्हाऊ दे."

"आनि काढाल तर आमी काय ऐकू?" नवसी आतूनच म्हणाली. "वांगी?"

मग ओघानेच मामांचा विषय निघाला. मामा इतका वेळ असतात कुठे, यावर नानांचं मत होतं की ते आहेरावरून रुसले. जिव्याच्या मते ते पंगतीत बसले होते आणि हात धुवायला पाणी मिळेना. नवसीने मान हलवली.

"रडत व्हता तो. मांडवामागं जाऊन. पोरगी जायाची ना त्याची. डोळं पुसल्याबिगर कसा येल मान्सांत?"

धीरजने इतक्या वर्षांत हा विचार केला नव्हता. त्याला जरा बसावंसं वाटलं, पण बसलो तर झोपू या भीतीने तो उभाच राहिला.

शेवटी ठरलं ते असं: सीडी निघत नाही, तर तिचा आवाज फोनमध्ये उतरवायचा. मागे-पुढे करायची बटणं केव्हाच मेली होती, त्यामुळे गाडी बंद करून चालू करायची आणि लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत लागू द्यायचं. बाहेर कोंबडे होते म्हणून काचा वर. एसी गाडीबरोबर आलाच नव्हता. फोन पुढे ठेवला, तिघे आत बसले, आणि कोणीही बोलायचं नाही असं ठरलं.

उन्हात ती गाडी भट्टी झाली होती. बँड वाजला. पांढरी गाडी बाजूला घेतली गेली. तिघांचे ओठ हलत होते, आवाज कोणीच काढला नाही. पंगत बसलेली नव्हती. मग गृहस्थांनी मामांना बोलवायला सुरुवात केली. नवसीने सीट घट्ट धरली. पुन्हा बोलवलं. जिव्याच्या नाकावरून घाम टपकला, तो त्याने आवाज होऊ नये म्हणून तळहातावर झेलला. "मुलीचे मामा, अहो, हात जोडतो," गृहस्थ म्हणाले.

आणि धीरजचा फोन वाजला.

कंपनीतून पाळीप्रमुख होते. मेहुल आला नव्हता, दुपारपाळीला येशील का? धीरजला नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द त्याला येतही होता, पण तो शोधायला वेळ लागायचा आणि तोवर तोंडातून हो निघून जायचं. "येतो सर," तो म्हणाला. मग पाळीप्रमुखांनी मेहुल का आला नाही ते सांगितलं, मेहुलच्या मेव्हण्याला काय झालं ते सांगितलं. फोन ठेवला तेव्हा भटजी "सावधान" म्हणत होते.

"मामा?"

"आला," जिव्या म्हणाला. "तुमी फोनवर व्हता."

फोनने बोलणं चालू असताना ध्वनिमुद्रण थांबवलं होतं आणि नंतर आपणहून पुन्हा सुरू केलं होतं. फोन हुशार होता. पुन्हा पहिल्यापासून करू, म्हणून लग्न संपल्यावर जिव्याने चावी फिरवली, परत फिरवली. प्लेअर आतल्या आत खरखरला, थोडा वेळ गरगरला, आणि त्याच्या काचेवर काहीतरी इंग्रजी अक्षरं आली ती जाईनात. त्यांनी थांबून पाहिलं. फुंकर मारली. जिव्याने वरून एक बुक्का हाणला.

"आता?" नवसीने विचारलं.

"आता काय," जिव्या म्हणाला, "गेली पोरगी सासरी."

धीरजने जाताना फोनमधलं लग्न नवसीला पाठवू का म्हणून विचारलं. तिने ऐकून पाहिलं आणि फोन परत दिला. "हे नको. ह्यात मामा नाय."

तरीही माई त्या लग्नावर गाडीत बसल्या. तारापूर गेलं, बोईसर गेलं, नाकासमोर बघत त्या सर्दीवाल्या गृहस्थांचं ऐकत होत्या, आणि धीरजला वाटलं जमलं. उमरोळी आली. "अहो, हात जोडतो," गृहस्थ म्हणाले. लगेच "सावधान."

"मामा कुठायत?" माईंनी विचारलं.

"आले गं ते. मधे फोन आला होता."

"मामांना?"

"मला."

"मग मुलीला मांडवात आणलं कोणी?"

"मामांनीच आणलं, माई. आपल्याला ऐकू आलं नाही, एवढंच. जिव्याने ऐकलंय. विचार त्याला."

"न आणता लागलं लग्न," माई म्हणाल्या, आणि पिशवी मागितली.

कोळगावला त्या सावरल्या. पालघरला डॉक्टरीणबाईंनी बोटं एकेक करून वाकवली, माईंनी दात आवळले. पुढच्या फेरीला तसंच, त्याच्या पुढच्या फेरीलाही. धीरजने मधली जागा भरायला स्वतःच्या आवाजात "आले, आले" भरून पाहिलं. माई म्हणाल्या, "हा तर तू. तू दमलेला वाटतोस. मामा दमलेले नव्हते." हे खरं होतं. तेव्हापासून उमरोळी आली की कोणीतरी पिशवी पुढे करायचं. उलटी झाली की काच खाली करायची आणि पुढे जायचं. माई एकही फेरी चुकवत नव्हत्या. धीरज रात्रपाळीवरून सरळ गाडीत बसायचा आणि गाडीतून सरळ दुपारपाळीला.

एका रात्री कंपनीच्या कँटीनमध्ये, समोरच्या चहावर साय धरेपर्यंत विचार करून, त्याने हिशेब मांडला. लग्न आता मधून कापलं गेलं होतं, रस्ता मात्र होता तेवढाच राहिला होता. लग्न वाढवणं कोणाच्याच हातात नव्हतं. त्याने कागद ओढला आणि लिहिलं:

प्रति, मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, पालघर.

विषय: उमरोळी ते कोळगाव हा रस्ता वगळण्याबाबत.

महोदय, सदर रस्त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. रस्ता चांगला आहे. तथापि तो जेथे आहे तेथे मुलीचे मामा येत नाहीत, ही वस्तुस्थिती असून त्यामुळे एका ज्येष्ठ महिलेच्या प्रकृतीस दर फेरीस त्रास होतो. तरी पावसाळ्यापूर्वी सदर तुकडा काढून घेऊन उमरोळीची हद्द कोळगावच्या हद्दीस थेट जोडून मिळावी. दोन्ही गावांची हरकत असल्यास, निदान सोमवारी व गुरुवारी सकाळी, आमची गाडी जाईपर्यंत, तो रस्ता नसल्याचे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.