सेहेचाळीस गुणांनी विजय

तो नियम माझा होता, हे आधीच सांगून टाकते. कमिशनर रॉस पेटिंगिलने त्यावर सही केली, आठही कॉलेजांच्या अध्यक्षांनी माना डोलावल्या, पण कागद मी लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

आमचा गट आठ कॉलेजांचा. अमेरिकेतली दोन्ही डकोटा राज्यं आणि नेब्रास्काचा वरचा तुकडा. कचेरी सू फॉल्समध्ये, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर, आणि आम्ही चार माणसं. रॉस कमिशनर, मी त्याची उपकमिशनर. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत अडुसष्ट संघ घेतात. प्रत्येक गटाचा विजेता आपोआप जातो, उरलेल्या जागा निवड समिती भरते. एकवीस वर्षांत समितीने आमचा दुसरा संघ एकदाही घेतला नव्हता. आमचा एकुलता एक संघ जायचा आणि पहिल्याच दिवशी कुठल्यातरी बड्या विद्यापीठाचा मार खाऊन परत यायचा. टीव्हीवरच्या लोकांना आमच्या गटाचं नावही धड घेता येत नसे. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

पण प्रश्न नुसत्या रागाचा नव्हता. आमच्यातलं सगळ्यात तगडं विद्यापीठ, बिग बेंड, उघडपणे मोठ्या गटात जायची भाषा करायला लागलं होतं. ते गेलं असतं तर दुसऱ्या नंबरचं हॅल्व्हर्सनही गेलं असतं, आणि मग उरलेल्या सहांना कुणी विचारलं नसतं. बिग बेंडच्या अध्यक्षांनी आम्हाला तीन वर्षांची मुदत दिली. तेवढ्यात एकदा तरी दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेत न्या, नाहीतर राम राम.

म्हणून माझा नियम. संघांची क्रमवारी संगणक लावतो आणि तो नुसतं कोण जिंकलं ते बघत नाही, किती फरकाने जिंकलं तेही बघतो. शिवाय समोरचा संघ क्रमवारीत कुठे आहे तेही धरतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमचे संघ बाहेरच्यांशी खेळतात, जानेवारीपासून आपापसांत. तेव्हा त्या दोन महिन्यांत एकाने जे कमावलं ते पुढे आठांत वाटलं जातं, आणि एकाने जे गमावलं तेही. कागदावर मी लिहिलं: नाताळापर्यंत कितीही मोठी आघाडी असो, पहिले पाच खेळाडू शेवटच्या भोंग्यापर्यंत मैदानातच राहतील.

आमच्याकडे असं कुणी करत नाही. मॅच जिंकल्यात जमा झाली की प्रशिक्षक पहिल्या पाचांना बसवतो आणि बाकावरच्या मुलांना पाठवतो. समोरचाही मग तेच करतो, ही मुलं आपसात धडपडतात, दोन्हीकडच्या आया टाळ्या वाजवतात आणि शेवटी सगळे रांगेने हात मिळवून घरी जातात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही आणि आजवर लिहायची गरजही पडली नव्हती.

बैठकीत नियम वाचला तेव्हा सात प्रशिक्षक गप्प बसले. आठवा माझा धाकटा भाऊ नॉर्वल. तो प्रेअरी फोर्क कॉलेजचा संघ सतरा वर्षं सांभाळतोय, आणि बहुतेक वेळा गटात सहावा-सातवा येतो.

"मार्गिट, लहानपणी पत्ते खेळतानाही तू अशीच होतीस," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "समोरचा रडेपर्यंत सोडायची नाहीस."

"आणि रडायचास तू," मी म्हटलं. "म्हणून तुला हा नियम झोंबतोय."

सगळे हसले, तोही हसला, आणि पहिल्या वर्षी त्याने नियम दोनदा मोडला. एकदा तर एकतीसची आघाडी होती, याने पहिले पाच बसवले आणि मॅच चौदाने संपली. पुढच्या बैठकीत रॉसने ते आकडे पडद्यावर लावले. बिग बेंडचा प्रशिक्षक कुणाकडेही न बघता म्हणाला की बहीण कचेरीत असली की नियम जरा सैल होतात. मला ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस मी नव्वद मैल गाडी हाकत नॉर्वलच्या घरी गेले. त्याच्या बायकोने बटाटे आणि खिमा घालून भट्टीत भाजलेलं हॉटडिश वाढलं आणि ती शहाणपणाने दुसऱ्या खोलीत निघून गेली. मी त्याला सरळ सांगितलं की गट मोडला तर बाकीच्यांचं काहीतरी होईल, तुझं कॉलेज मात्र सगळ्यात आधी बुडेल. तुम्हाला कोण घेणार? तुझ्या मुलांशी खेळायला कोण येणार? त्याने बटाट्याचे तुकडे बशीत इकडून तिकडे ढकलले.

"पुढची मॅच लाइलच्या संघाशी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"माहीत असून आलीस?"

"म्हणूनच आले."

लाइल ब्रँडवोल्ड अकरा वर्षं नॉर्वलच्या हाताखाली सहायक होता. नॉर्वलच्या धाकट्या मुलीचा तो धर्मपिता. पुढे त्याला मिनेसोटात टॅमरॅक कॉलेजचा संघ मिळाला, आणि त्या वर्षी तो संघ ओळीने आठ मॅच हरला होता. वसंतात त्याचा करार संपायचा होता.

मी ती मॅच बघायला गेले. विश्वास नव्हता म्हणून गेले, खोटं कशाला बोलू. सहा मिनिटं उरली तेव्हा प्रेअरी फोर्क सव्वीसने पुढे होतं. लाइलने आपले पहिले पाच बसवले आणि बाकावरची मुलं पाठवली. आता तुझी पाळी, असं म्हणायची ही आमच्याकडची रीत. नॉर्वल खुर्चीतून अर्धवट उठला, आपल्या बाकाकडे वळला, आणि मग त्याने वर प्रेक्षकांत माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही. तो खाली बसला.

त्या सहा मिनिटांत काय झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. लाइलच्या मुलांना चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे नेता येईना. आमचे लोकसुद्धा टाळ्या वाजवायचे थांबले. मॅच सेहेचाळीस गुणांनी संपली. लाइलने रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवला, नॉर्वलशीही, आणि निघून गेला.

पुढच्या गुरुवारी टॅमरॅकने त्याला काढलं. आठ पराभव त्यांनी पचवले होते, पण प्रेअरी फोर्ककडून सेहेचाळीसने हरणं माजी विद्यार्थ्यांना कसं समजवायचं, असं तिथले क्रीडा संचालक म्हणाले म्हणे. नॉर्वलने लाइलला फोन केला. त्याने उचलला नाही. नंतर तीन महिने उचलला नाही. नॉर्वलने नाताळापर्यंत माझा नियम काटेकोर पाळला आणि माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मार्चमध्ये आमच्या गटाची स्पर्धा बिग बेंडने जिंकली, हॅल्व्हर्सन दुसरं आलं. रविवारी संध्याकाळी समिती आपली निवड टीव्हीवर जाहीर करणार होती, तेव्हा कॉलेजांच्या अध्यक्षांसकट सगळे कचेरीत दाटीवाटीने बसलो. बिग बेंडचं नाव येणारच होतं. मग संगणकाच्या क्रमवारीत सत्तेचाळिसाव्या असलेल्या हॅल्व्हर्सनचंही आलं. रॉस, एकसष्ट वर्षांचा माणूस, टेबलावर डोकं ठेवून रडला. बिग बेंडच्या अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं की आम्ही कुठेही जात नाही. गट वाचला. मी तीन जणांच्या गळ्यात पडले, आणि त्यातल्या एकाचं नाव मला अजून ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी मी आकडे घेऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ते कळायलाच हवं होतं. टॅमरॅकच्या मॅचमध्ये सेहेचाळीसच्या जागी सव्वीस घातले आणि सगळी क्रमवारी पुन्हा लावून बघितली. हॅल्व्हर्सन सत्तेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेलं. समितीने पन्नासाव्या क्रमांकाचाही संघ घेतला होता. एका जागेने काही बिघडत नव्हतं. मी तीनदा मांडून पाहिलं, तीनदा तेच उत्तर आलं. त्या सहा मिनिटांची कुणालाच गरज नव्हती.

दुपारी नॉर्वल आला. बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि अंगातला कोटही न काढता उभा राहिला.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "लाइलच्या मॅचचा उपयोग झाला का?"

मी आयुष्यभर आकड्यांवर भाकरी खाल्ली आहे. चुकीचा आकडा मी कधी कुणाला दिला नव्हता. पण त्याचा चेहरा तीन महिन्यांत दहा वर्षांनी थोराड झालेला होता, आणि तसा तो माझ्यामुळे झाला होता.

"झाला," मी म्हटलं. "तेवढ्यावरच निभावलं."

तो खुर्चीत बसला. कोटाची बटणं सोडत म्हणाला, "हे लाइलला सांगायला हवं. फुकट नाही गेलं, एवढं तरी त्याला कळू दे." मी काही बोलायच्या आत त्याने फोन लावला होता. मला वाटलं, लाइल उचलणार नाही. त्याने उचलला.

नॉर्वलने त्याला सगळं सांगितलं, माझ्याच शब्दांत. मग माफी मागितली, अडखळत, दोन वेळा. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नॉर्वल डोळे पुसत हसला आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

"अभिनंदन, मार्गिट," लाइल म्हणाला. आवाज नेहमीचाच, शांत. "मला नोकरी नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. ते आकडे मीही मांडून बघितले. एका जागेचा फरक. बरोबर ना?"

मी फोन कानाशी दाबून धरला. समोर नॉर्वल वडी खात माझ्याकडे बघत होता. त्या नोव्हेंबरनंतर त्याला माझ्यासमोर काही खाताना मी पाहिलं नव्हतं.

"त्याला सांगू नकोस," लाइल म्हणाला. "तुला मात्र माहीत असू दे."

मी हो म्हटलं आणि फोन नॉर्वलला परत दिला.