सकाळचं मौन

“तोंड मिटशील ते देवासाठी मीट. माणसांना भिऊन मिटू नकोस.” मौनाचा नेम देताना सासूबाईंनी मला एवढंच बजावलं होतं. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. शिवणखात्यात माझं काम काज-बटणांचं, त्याला तोंड लागत नाही. सकाळी बायका माझ्या कानाशी गाऱ्हाणी ओतून जात. “भिंतीला कान असतात, हिला नुसते कानच आहेत,” म्हणून हसत. मीही हसे.

कटिंग मास्तरांच्या हातात लाकडी पट्टी असे. शिवण वाकडी गेली की ती बोटांवर बसायची. त्याला मारणं कुणी म्हणत नसे. ‘पट्टी लागली’ म्हणायचे, जशी काही ती आपणहून उडून येते. मीही तसंच म्हणत आले होते.

मंगळवारी माझी धाकटी जाऊ समोरच्या मशीनवर होती. तिच्याकडून कॉलर उलटी बसली. मास्तरांनी पट्टी हाणली, आणि एकदा नाही, चारदा. मी तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं. दहा वीस. मिटलं.

बारानंतर तरी बोलायचं. बारा वाजले, एक वाजला, मी खाली मान घालून बटणं लावत राहिले.

तिची दोन बोटं मोडली होती. मास्तरांनी मालकीणबाईंना फोनवर कळवलं, की हिनं चालत्या मशीनमध्ये हात घातला, असली निष्काळजी बाई नको. रांगेतल्या बायका म्हणाल्या, लागलं खरं काहीतरी, आम्ही पाहिलं नाही. शुक्रवारी दहाला येऊन मालकीणबाई तिला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार होत्या. त्या सकाळीच येतात, तासाभरात जातात.

गुरुवारी संध्याकाळी मी तिला भात कालवून भरवत होते. तिचा राग कुठंच दिसत नव्हता, तेच मला जड जात होतं.

“ताई, एक विचारू? मास्तरांनी दुपारी कुणाला मारलेलं आठवतं तुम्हाला?”

मी आठवू लागले. आठवेना.

“मालकीणबाई तुमचा शब्द मानतात, हे मास्तरांना माहीत आहे. तुम्ही बोलायला लागलात की पट्टी खिळ्याला टांगतात.”

घास माझ्या हातातच राहिला. माझा नेम कुणाच्या कामी येत होता, ते मला एकोणीस वर्षांनी कळत होतं.

“उद्या मी सांगते,” मी म्हटलं.

“दहाला?”

“दहाला.”

“आणि देव रागावला तर?”

“त्याची समजूत मी काढीन. तू तोंड उघड, भात गार होतोय.”

सकाळी दिवा लावला, हात जोडले आणि देवासमोरच एकदा म्हणून पाहिलं, “मास्तरांनी मारलं. पट्टीनं, चारदा. मी समोर होते आणि गप्प बसले.” शेवटचं वाक्य अर्धवटच आलं. ते पुन्हा म्हटलं, नीट येईपर्यंत.

आतून हे दचकून बाहेर आले, आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघत. “घड्याळ बंद पडलं की काय?”

“चालू आहे,” मी म्हटलं. डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरू लागले.