कळंब ऱ्हायलं

उज्ज्वलाने बांधावरचा स्पीकर पुन्हा बंद केला, तशा वाफ्यातल्या सात बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सुदर्शन, तुझ्या बायकूला सांग," सखूबाई म्हणाली. "गाणी बंद, तर आमचं काम बंद. शेजारी ऊस हाय. आमाला बी लेकरं हायती."

सखूबाईचं काही खोटं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी बिबट्याने सुदर्शनच्याच गोठ्यातून भर दुपारी वासरू नेलं होतं. तेव्हापासून निरगुडसरच्या त्या शिवारात कुणी मुकाट काम करत नव्हतं. गलका असला की जनावर लांब राहतं, म्हणून ज्याचं वावर त्याने स्पीकर लावायचा, असं सावडीत ठरलं होतं. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या वावरात राबायचं, उद्या माझ्या. त्यात ठरलेलं मोडणाऱ्याने आपले कांदे आपणच लावावेत.

पण तेजूला तो आवाज सोसत नव्हता. तेजस्विनी, सुदर्शनची नऊ वर्षांची लेक. शाळेने तिला घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं, आणि घरी एकटी ठेवायची सोय नाही, म्हणून ती बांधावर. बोलायची फार थोडं. आईबरोबर मामाकडे जाताना एसटीत ऐकलेली पाच गावं मात्र दिवसातून शंभरदा म्हणायची. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हा ऑटिझम आहे, पोरीचं डोकं वेगळ्या तऱ्हेने चालतं, मोठा आवाज तिला खरोखर दुखतो. सुदर्शनने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? घरी आल्यावर त्याने पाहुण्यांसमोर ती गावं म्हणायची तिला बंदी केली. लोक हसत होते ना.

त्याने गाणी पुन्हा लावली. तेजूने कानात बोटं घातली, मग मनगट चावलं आणि जिकडे आवाज कमी तिकडे, म्हणजे उसाकडे धावली. सुदर्शनने तिला ओढून आणलं. ती परत पळाली, तेव्हा त्याने गोठ्यातलं रिकामं दावं आणलं. एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं बांधावरच्या बाभळीला.

"वासरू बी बांधलेलंच व्हतं," उज्ज्वला एवढंच म्हणाली.

त्याने ऐकलं, आणि रोपांची जुडी उचलून वाफ्यात बसला. राग बायकोचा नव्हता, लेकीचा होता. बापाला लेकीचा असा राग यावा, याची त्याला मनातून लाज वाटत होती.

अर्ध्या तासाने मान वर केली, तर बाभळीखाली नुसतं दावं पडलं होतं.

बायकांनी एकच ओरडा केला. उज्ज्वला आधी स्पीकरकडे धावली. तो गप्प झाला, तसं उसातून बारीक हुं हुं ऐकू आलं. तेजूच ती. बांधाखालच्या चिखलात तिची अनवाणी पावलं उसाकडे गेली होती, आणि त्यांच्या शेजारी पंजे उमटले होते. ताजे होते.

सुदर्शन कोयता घेऊन निघाला. उज्ज्वलाने त्याचा दंड धरला.

"वरडत गेला तर ती आणखी आत पळंल. हितंच बसा. गावं म्हणा."

"तू म्हण की."

"रोज मीच म्हणते. आज तुमी म्हणा. बांधलंय तुमी."

सात बायकांदेखत तो उसाच्या तोंडाशी उकिडवा बसला. "मंचर," म्हणाला. "मंचर... नारायणगाव... आळेफाटा..." रोज कानावर पडूनही पोरीची पाच गावं बापाला पाठ नव्हती.

हुंकार थांबला. कुणी हललं नाही. संपलं, असं सुदर्शनला वाटलं.

"कळंब," उसातून आवाज आला. "कळंब ऱ्हायलं."

"व्हय गं बाय, ऱ्हायलं. परत म्हणतो. मंचर..."

"कळंब." आता जरा जवळून.

पाचटातून ती बाहेर आली, तेव्हा गालावर पातीचे ओरखडे होते आणि कमरेवर दाव्याचा वळ. सुदर्शनने मिठीसाठी हात पुढे केले, मग तिला धरलेलं आवडत नाही हे आठवलं आणि ते खाली घेतले. तो तिथंच बसून रडला. तेजूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओतूर म्हणायचं बाकी होतं, ते म्हणून ती बांधावर जाऊन बसली.

"पोरीसाठी जीव तुटतो रं," जाताना सखूबाई म्हणाली. "पर गाण्याबिगर आमी नाय येणार."

दुसऱ्या दिवशी वावरात तिघंच होती. उपटून ठेवलेलं रोप उन्हाने माना टाकत होतं. त्यातलं निम्मं वाया जाणार, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं. उज्ज्वला पुढच्या वाफ्यात, सुदर्शन मागच्या, स्पीकरच्या जागी तोच शिवारभर ऐकू जाईल अशी गावं म्हणत; या आवाजाला तेजू कानात बोटं घालत नव्हती. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला, तरी तो म्हणतच राहिला. दर खेपेला कळंब मुद्दाम गाळायचा. बांधावरून "कळंब" आलं की हातातलं रोप मातीत दाबायचा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत हात तसाच वर धरून ठेवायचा.